नियंत्रण गट

पेपर छापून आला. एकवीस पानं, इंग्रजीत.
डॉक्टर मॅडमनी मिरजेहून प्रत धाडली.
शेवटच्या पानावर आभारात मी आहे,
आडनावातलं एक अक्षर खाल्लेलं.

सावळज, डोंगरसोनी, मणेराजुरी.
बाया दोनशे बारा.
मांडवाखाली मान मागे टाकून, हात वर धरून
घडातले मणी कात्रीने विरळ करणाऱ्या,
दिवसाला आठ तास,
जणू वरून कुणी काही देणार आहे
आणि देतच नाही.

मी स्कूटीवरून जायची. पेन दोरीने फळीला बांधलेलं.
शून्य म्हणजे काहीच दुखत नाही,
दहा म्हणजे सोसवत नाही,
तुमचं किती?
आक्काताई मगदूम म्हणाल्या, कवाचं सांगू? बाजारच्या दिवसाचं का कामाच्या?
जैनबी मुल्ला म्हणाली, आकडा न्हाई बाई, ठणका हाय.
ठणका, कळ, चमक, शिणक,
रग लागते, मुंग्या चालतात,
आत बसून कुणी ओलं धुणं पिळतंय.
हे सगळं मी समासात लिहिलं.
समास मिरजेत टाईप होत नाही.
टाईप झाला तो सात.

अर्ध्या बायांना व्यायाम मिळाला:
रबरी पट्टा, बोटांनी भिंत चढणं, मिठाचा शेक,
आणि दर तासाला हात खाली घ्यायची शिट्टी.
उरलेल्या अर्ध्यांना काही नाही.
फक्त पंधरा दिवसांनी एकदा मी.
ह्याला म्हणतात नियंत्रण गट.
चिठ्ठ्या मॅडमनी काढल्या. आई त्यात निघाली.

घरच्या माणसाला आपण विचारायचं नाही, असा नियम.
सविता विचारणार होती, ती बाळंतपणाला माहेरी गेली.
मग मीच, परका आवाज काढून:
आठवड्यात झोप किती वेळा मोडली?
वरच्या फळीवरचा डबा काढता येतो?
पोलकं घालता येतं?
आईने सांगितलं, तीन.
फॉर्म मिटवल्यावर म्हणाली, आठ लिही,
मुकादमाला तेवढं कळू देऊ नगंस.
मी खोडलं, बाजूला सही केली.
पोलकं तुझा बाप घालतोय, म्हणाली,
ते मातूर लिहायचं न्हाई.

व्यायामवाल्यांचं दुखणं तीन घरं उतरलं.
तो निष्कर्ष. त्यावर तक्ते, आलेख, शिफारस.
आणि पान चौदावर, मुंगीएवढ्या अक्षरात, तळटीप:
नियंत्रण गटातही दीड अंकाची घट.
कारण स्पष्ट नाही. नियमित भेटींचा परिणाम असू शकतो.

मी शब्दकोश घेऊन बसले होते.
असू शकतो.

मॅडम चांगल्या. तपासणाऱ्या कुणीतरी ती ओळ काढा म्हणालं,
त्यांनी ठेवली.
फोनवर हसल्या: अगं, हे औषध
दिवसातून किती वेळा लिहून देऊ, सांग.

मार्चला प्रकल्प संपला. शिल्लक पट्टे वाटून टाकले.
आईने तिच्या पट्ट्याने गोठ्याचं फाटक बांधलंय,
चांगलं बसतं.
छाटणीच्या तोंडावर आक्काताई तासगावात भेटल्या.
काय गं, आता फिरकत न्हाईस?
आमचं दुखायचं थांबलं म्हणून लिवलंय काय तिकडं?

मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांची पिशवी
एसटीत चढवून दिली.

गुरुवारी संध्याकाळी आईला विचारते. फॉर्म नाही.
ती कांदा चिरायची थांबते,
खांदा थोडा उचलून बघते,
बेदाणा पारखावा तसा वेळ घेते.
चमक न्हाई. शिणक हाय. कालच्यापरीस बरी.
मग सुरी पुन्हा हातात घेऊन, खालीच बघत,
आणि तुझी कंबर? दोन वरसं त्या गाडीवर...

सहा, मी म्हणते.

आकडा नगं, ती म्हणते. नीट सांग.